राखण्याचे बारा दिवस

यंत्रानं माझ्या सुनेला तिच्याच खुर्चीतून हाकललं, तेव्हा मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? उन्हातून आल्यावर घोटभर ताक पोटात जावं, तसं बरं वाटलं. पुढं काय झालं ते सांगतेच, पण आधी हे कबूल करून टाकते.

आमचं शीतगृह तासगावच्या अलीकडं, फाट्यावर आहे. चोवीस खोल्या. आठशे बागायतदारांचा बेदाणा आमच्याकडं थंडीत झोपलेला असतो. आमचे मालक गेले तेव्हा खोल्या सहा होत्या. बाकीच्या अठरा मी बांधल्या. शिक्षण चौथी. पण बेदाण्याची पेटी उचलली की पाव किलोचा फरक माझ्या हाताला कळतो, आणि फाटकातून कोण आत आलं ते मान न वळवता पावलांवरून सांगते. बत्तीस वर्षं सगळ्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. आत कोण जाणार आणि दारातनं कोण परतणार, हे मालन जमदाडे ठरवायची.

मग किल्ल्या गेल्या. दारं, थंडी, पंखे, बेदाण्याचे सौदे, सगळं संगणकाच्या तारेवर गेलं. तिथवर मी सोसलं. पण तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या तालुक्यातल्या एका शीतगृहात चोर त्या तारेतून घुसला. दार फोडलं नाही, कुलूप तोडलं नाही. पडद्यावर चार अंश दिसत राहिले आणि खोलीत चाळीस झाले. अकरा दिवसांनी दार उघडलं तर बेदाणा काकवीसारखा वाहत बाहेर आला. त्यानंतर सरकारनं नियमच काढला. जाळ्याची राखण करणारा, परीक्षा पास झालेला माणूस ज्या शीतगृहात नसेल, त्याचा परवाना दिवाळीनंतर बंद.

"मग शिकणार कोण?" मी विचारलं.

"प्रणोती," माझा मुलगा रणधीर म्हणाला. विचार केल्यासारखं दाखवायचीसुद्धा तसदी त्यानं घेतली नाही.

प्रणोती म्हणजे माझी सून. आमच्याकडच्या रीतीनं मला आत्या म्हणते. आवाज चढवत नाही, पदार्थ बिघडवत नाही, उलटून बोलत नाही. नाव ठेवायला जागा सापडत नाही, हाच तिचा मोठा दोष.

सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं, सांगलीला, रोज दुपारी. ज्या रणधीरनं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो बायकोचा डबा भरायला लागला. मी आपली ओट्याशी उभी. "चटणी कुठं ठेवलीस, आई?" इतकंच मला विचारायचा. आणि आमचा शिदू मुकादम! त्याला मी विशीत कामावर ठेवलं, त्याचं लग्न मी जमवलं. तो एक दिवस माझ्या नाकासमोरून गेला आणि म्हणाला, "वैनी, चौदा नंबर उघडायचं का?"

"शिदू," मी म्हणाले, "मी काय हितं खांब म्हणून हुबी हाय?"

"तसं न्हाई ओ आक्का. पर ते आता वैनींच्या हातात असतंय न्हवं?"

तसं असतंय. मला काय सांगतोस!

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायची आणि मी भाजी निवडत ऐकायची. न ऐकल्यासारखं करून ऐकायची. एकदा मात्र विचारलंच, की हे नेमकं करतं काय.

"आत्या, पूर्वीची यंत्रं दोन तऱ्हेची होती," ती म्हणाली. "एक नुसतं भुंकायचं. चोर आत शिरला की ओरडणार, तोवर चोर काम उरकून पसार. दुसरं दार लावायचं, पण चोरांच्या यादीवर चालायचं. यादीत नसलेला नवा चोर आला की त्याला 'या, बसा.' आताचं यंत्र यादी ठेवत नाही. ते घरच्यांना ओळखतं. कोण कुठल्या वेळेला काय सांगतं, बोलताना कुठं थांबतं, बटण हळू दाबतं की आपटतं, कुठली चूक नेहमी करतं. ह्या सगळ्याची मिळून माणसाची चालरीत होते. पासवर्ड चोरता येतो, चालरीत चोरता येत नाही. ती जुळली नाही तर यंत्र हुकूम तारेतच अडवतं. खोलीपर्यंत पोचूच देत नाही."

"म्हणजे मी फाटकाशी बसून बत्तीस वर्षं केलं तेच."

"तेच तर. म्हणून मला वर्गात सगळ्यांच्या आधी समजलं."

बघा. अशी बोलते. भांडणाला टेकायला भिंतच ठेवत नाही.

भाद्रपदात ते यंत्र आलं. पाटाएवढा काळा डबा. बागेत पाखरं हाकायला माणूस ठेवतात त्याला राखण्या म्हणतात, तर प्रणोतीनं डब्याचंही नाव राखण्याच ठेवलं. कार्यालयामागच्या छोट्या खोलीत त्याला बसवलं, समोर खुर्ची ठेवली. बोलून सांगितलं तरी त्याला कळायचं, आणि उत्तरही द्यायचा, शुद्ध पुस्तकी मराठीत.

"पहिले बारा दिवस फार जपायचे," ती म्हणाली. "ह्या दिवसांत समोर बसून जो हुकूम देईल, त्याची चालरीत तो मुख्य म्हणून धरणार. बारा दिवसांनी ओळख पक्की. मग ती आपल्यालाही पुसता येत नाही. आपल्याला पुसता आली असती तर चोरालाही आली असती."

"बाळंतिणीच्या खोलीसारखं," मी म्हणाले. "बारा दिवस परक्याची सावली नको."

"अगदी!" ती हसली. मग जरा घुटमळली. "आत्या, एक मागू? दुपारी मी सांगलीला असते. मध्ये यंत्र बंद केलं तर त्याचं शिकणं तुटतं, म्हणून चालू ठेवूनच जावं लागेल. तेवढा वेळ तुम्ही दाराशी बसाल? ह्यांचा भरवसा नाही, जेवले की झोपतात. तुमच्यासारखी नजर कुणाची नाही."

मी हो म्हटलं. दाराशी खुर्ची टाकली.

पहिल्याच दुपारी ती निघाली आणि आतून डबा बोलला, "प्रणोतीताई, सांभाळून जा."

माझा पदर खांद्यावरून घसरला. मी चाळीस वर्षांचा संसार केला. रात्रीअपरात्री, पावसापाण्यात ह्या शीतगृहात येत-जात राहिले. मला एका माणसानं कधी सांभाळून जा म्हटलं नव्हतं. आणि हिला लोखंड म्हणतंय!

मी उठले, आत गेले.

"काय रे डबड्या, तिला सांभाळून जा, आणि दारात म्हातारी बसलीय तिला काय?"

"आज्ञा समजली नाही."

"तुझ्या बापाला तरी समजेल का? चौदाचा पंखा लाव."

आणि लागला! भिंतीपलीकडं पंखा घरघरला. कित्येक वर्षांनी माझ्या शब्दावर ह्या इमारतीत काहीतरी हललं. मी खुर्चीत टेकले. खुर्ची मऊ होती. हीही रणधीरनं तिच्यासाठी आणलेली.

बाराच्या बारा दुपारी मी आत बसले. लाव म्हटलं की लागायचं, बंद कर म्हटलं की बंद. वेडंवाकडं काही केलं नाही; थंडी कुठं किती हवी ते मला पडद्याशिवाय कळतं. आणि मधल्या वेळात बोलायची. प्रणोती सकाळ-संध्याकाळ मिळून वीस-पंचवीस हुकूम द्यायची, तेही मोजून-मापून. मी तीन-तीन तास तोंड मिटलं नाही. ती कशी गोड बोलून माणसं काढून घेते, कसं मला सगळं विचारून करते आणि शेवटी स्वतःच्याच मनासारखं करते, सगळं सांगितलं. तिला मी नावही ठेवलं होतं, पांढरी उंदरी. आवाज न करता सगळं घर कुरतडणारी.

चूक होतेय हे कळत नव्हतं का? कळत होतं. पण म्हटलं, डबा तो. त्याला काय सासू, काय सून.

तेराव्या दिवशी परीक्षा सुरू झाली. सात दिवसांची. परीक्षक सांगलीत बसून, न सांगता, कधीही तारेतून घुसायचा प्रयत्न करणार, आणि प्रणोतीनं राखण्याला हाताशी धरून त्यांना अडवायचं. पहिल्या सकाळी तिच्या शिक्षिका मुजावर मॅडम स्वतः आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, पायात बूट. मी चहा दिला तर बशी परत देताना म्हणाल्या, "ही मुलगी माझ्या वर्गात पहिली आहे, आक्का." मला काय, ऐकून घेतलं.

दहा वाजता प्रणोती खुर्चीत बसली. "पहिल्या खोलीपासून तपासणी सुरू करा."

डबा म्हणाला, "ही चालरीत मुख्य व्यक्तीशी जुळत नाही. आज्ञा थांबवली आहे."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा थांबवली. बटणं दाबली, तर पडदाच काळा. आणि वर म्हणतो, "कृपया खुर्ची सोडा."

तेव्हाच ते ताक माझ्या पोटात गेलं.

रणधीर धावत आला. "प्रणोती, काय केलंस तू? सहा महिने सांगली-सांगली केलंस आणि हे? परवाना गेला तर आठशे माणसांचा माल कुठं नेऊ?" तिच्यावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. तेही, अगदी खरं सांगायचं तर, कानाला वाईट लागलं नाही.

मुजावर मॅडमनी आपलं यंत्र जोडून काहीतरी पाहिलं. "बारा दिवसांत दुसरं कुणीतरी बसलंय, प्रणोती. तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. तो बोलणं साठवत नाही, नुसती चाल ठेवतो, त्यामुळं कोण ते मला दिसणार नाही. पण चाल तुझी नाही."

"शक्य नाही, मॅडम."

"मुकादम? साफसफाईची बाई?"

"कुणीच नाही. दाराशी आत्या होत्या." पुढं ती जे म्हणाली त्यानं माझं ताक नासलं. "आत्या दाराशी असताना मुंगी आत जाणार नाही. माझंच काहीतरी चुकलंय. तसं लिहून देते."

मॅडमनी चष्मा काढला. "नीट विचार कर. तुझी चूक आहे असं लिहून दिलंस तर नापास, आणि दोन वर्षं परत बसता येणार नाही."

"दुसरं मी काय लिहू? आत्यांवर शंका लिहू?"

पोरगी डोळे पुसत नव्हती. कागद ओढून पेनाचं टोपण काढत होती. ती तेव्हा रडली असती तर मी गप्प राहिले असते, असं आजही वाटतं. पण माझ्या राखणीवर पैज लावून ती बुडायला निघाली होती. बत्तीस वर्षांत माझ्या नजरेची अशी हमी कुणी घेतली नव्हती, आणि घेतली कुणी, तर हिनं. माणसानं किती जळायचं तरी?

"पेन ठेव," मी म्हणाले. "मी बसले होते."

"आई?" रणधीर म्हणाला.

"बारा दिवस. रोज. ही फाटकाबाहेर गेली की आत."

प्रणोतीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर उत्तर तयार होतं.

मुजावर मॅडम कामाच्या बाई. आधी मार्ग काढला, बोल लावायला नंतर वेळ होता. "कंपनीकडून ओळख पुसून घ्यायची तर महिना जाईल, तोवर परीक्षा संपेल. एकच रस्ता आहे. मुख्य व्यक्तीनं स्वतः, स्वतःच्या चालरीतीत, दुसऱ्याला मुख्य नेमायचं. मग पहिल्याचा अधिकार संपतो. आणि तीनच संधी मिळतात. तिन्ही वेळा जुळलं नाही तर तो महिनाभर कुणाचंच ऐकत नाही." माझ्याकडं वळल्या. "आक्का, एकदा सोडलात की तो तुमचं परत कधी ऐकणार नाही. पंखासुद्धा लावणार नाही."

"एवढं कळतं मला."

मॅडमनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मी खुर्चीत बसले आणि बोट ठेवून वाचलं. "मी, मालन जमदाडे, माझ्या जागी सौभाग्यवती प्रणोती जमदाडे यांची आनंदानं नेमणूक करीत आहे."

"ही चालरीत मुख्य व्यक्तीशी जुळत नाही. आज्ञा थांबवली आहे."

म्हटलं, वाचलं म्हणून असेल. कागद बाजूला ठेवला आणि आवाज मऊ केला. पाहुण्यांसमोर बोलते तसा. "बाळा राखण्या, ही माझी गुणाची सून आहे. हिचं ऐकत जा हं."

"ही चालरीत मुख्य व्यक्तीशी जुळत नाही. एक संधी शिल्लक."

रणधीरनं डोकं धरलं. "आई, तू नीट बोल ना!"

"नीटच बोलतेय की!"

प्रणोती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "आत्या, नीट बोलू नका. त्यानं तुम्हाला नीट बोलताना कधी ऐकलंय? बारा दिवस बोलत होतात तसं बोला."

"तुझ्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"ह्या मॅडमसमोर?"

"मी कान बंद करते," मॅडम म्हणाल्या, आणि केले नाहीत.

मी डोळे मिटले. डबा दिसला तर बोलता येईल, ही दिसली तर येणार नाही. मग सुरू केलं.

"ऐक रे मुडद्या. काळतोंड्या. बारा दिवस तुझ्यापुढं टाळकं फोडलं, आणि आज ओळख दाखवत नाहीस? ती पांढरी उंदरी आलीय बघ, माझ्या बाजूला उभी आहे. उलट बोलली असती तर मी चार दिवसांत सरळ केली असती, पण बोलेल तर शपथ! लेक नेला. शिदूला नेलं, ज्याला मी विळीवर बोट कापल्यावर हळद लावली होती. कमरेच्या किल्ल्या नेल्या. मला शाळेतून काढून धाकट्या भावंडांपाशी बसवलं, आणि ही बया लग्न झाल्यावर दप्तर घेऊन निघाली, आणि माझाच लेक डबा भरतोय! तूसुद्धा तिलाच सांभाळून जा म्हणालास. मी काय तुझं घोडं मारलं होतं? माझ्या अंगाची आग होते रे, तिला बघितलं की. आणि आता तर कहर. माझ्या चोरीसाठी स्वतः बुडायला निघाली. मला लहान करायचं आणखी काय राहिलं होतं? घे, ही खुर्ची पण घे म्हणावं. आजपासून राखणीला ही. हिचं ऐकायचं. हिच्यासारखी राखण दुसऱ्या कुणाला जमायची नाही, मला ठाऊक आहे, म्हणून तर जळते. आणि मी उद्या येऊन पंखा लाव म्हटलं तर लावायचा नाही. लावलास तर याद राख!"



"ओळख पटली," डबा म्हणाला. "अधिकार प्रणोती जमदाडे यांच्याकडे सोपवला आहे. प्रणोतीताई, बसा."

मी उठले. प्रणोती बसली. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही, पण हळूच म्हणाली, "पांढरी उंदरी?"

"मग काय काळी म्हणू?"

तिचे ओठ हलले. हसली की काय, मला दिसलं नाही. त्याच क्षणाला पडदा लाल झाला. परीक्षकांनी पहिली धाड घातली होती.

पुढचे पाच दिवस मी त्या खोलीत पाय ठेवला नाही. दाराशी बसले, पण खुर्ची बाहेर तोंड करून. आतून तिचा आवाज यायचा, कमी आणि मोजका, आणि डबा तिचं ऐकायचा. एकदा परीक्षकांनी रणधीरच्या नावानं हुकूम पाठवला. तिनं तो तारेतच धरला, का तर रणधीर दुपारी दोनला जागा असणं तिला पटलं नाही. मला हसू आलं, आणि मग आपण तिच्या हुशारीवर हसलो म्हणून राग आला.

परीक्षेच्या सातव्या दिवशी अहवाल लिहायचा होता. घुसायचे जेवढे प्रयत्न झाले त्या प्रत्येकाची एक ओळ. कोण, कुठून, कसा, कशासाठी. मुजावर मॅडम परत आल्या होत्या. पहिला दिवस निम्मा वाया गेला म्हणून प्रणोतीचे गुण काठावर होते. एक ओळ कमी पडली तर नापास, इतके काठावर.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तिनं अहवाल पूर्ण केला होता. पहिल्या, त्या बारा दिवसांच्या ओळीवर माझी नजर गेली. चौथी शिकलेलीला तेवढं वाचता येतं. 'कोण' ह्याच्याखाली लिहिलं होतं, अज्ञात.

"ह्याचे गुण मिळतात का?" मी मॅडमना विचारलं.

"अज्ञात लिहिलं तर नाही मिळत, आक्का. घुसखोर सापडला तरच गुण."

"आई, राहू दे," रणधीर म्हणाला. "अहवाल सरकारी पोर्टलवर लागतो. अख्ख्या तासगावात वाचतील. तुझं नाव कशाला?"

"आत्या, मी कसंही करून पास होईन," प्रणोती म्हणाली. "तुमचं नाव मी लिहिणार नाही."

म्हणजे परत मोठेपणा हिच्याकडंच! आणि वर मी अज्ञात? ज्या बाईनं अठरा खोल्या बांधल्या, ती स्वतःच्या शीतगृहात अज्ञात? उद्या लोक म्हणणार, कुणी भुरटा शिरला होता.

"खोड ते," मी म्हणाले. "लिही, मालन विश्वासराव जमदाडे. पूर्ण लिही."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग अज्ञात खोडून माझं नाव लिहिलं. 'कुठून' ह्याच्याखाली लिहिलं, दारातून. 'कसा' ह्याच्याखाली, विश्वासानं ठेवलेल्या जागेवरून. बरोबरच होतं, बोलायला जागा नव्हती. मग पेन थांबलं.

"कशासाठी, ते काय लिहू?"

"जळून. लिही तसंच."

तिनं लिहिलं. त्याच्यावर बोट ठेवून तशीच बसली आणि मान वर न करता म्हणाली, "आत्या, अजून जळता?"

"आधी पास हो," मी म्हणाले, "मग सांगते."

ती पास झाली. मी अजून सांगितलेलं नाही.